कॅप्टनची श्रद्धांजली

पिक्चरच्या तिसऱ्या भागात कॅप्टन व्हेगा यान घेऊन सूर्यात घुसला आणि मेला, तवा गडमुडशिंगीच्या चौकात मी त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलता. खाली शोकाकुल म्हणून माझं आणि अमरेशचं नाव. लोक हसली. हसू देत की!

फ्लेक्सची दोरी ओढता ओढता अमरेश म्हणाला, "गल्ला कमी पडला की ह्याला परत आणतील बघ."

"मेलेलं माणूस परत येत न्हाय!" म्हणून मी त्याची गचांडी धरली. शाळेपासनंची दोस्ती तिथंच तुटली. पुढं त्यानं दोनदा फोन केला. मी उचलला न्हाय.

आज कोल्हापुरात सातवा भाग बघितला. मध्यंतरानंतर दार उघडलं आणि कॅप्टन दात काढत आत आला. म्हणे, मेला तो त्याचा जुळा भाऊ! थेटरात शिट्ट्या पडल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिवी हासडायला शेजारी वळलो, तर खुर्चीत अनोळखी पावणं.

अमरेश गेल्या साली हार्टअटॅकनं गेला. त्याच्या मातीला सगळं गाव गेलतं. मी घरात बसून सहावा भाग बघत हुतो.