पिल्लूसाठी

मी तिसरी पास. आमच्या कट्टा गावात माझ्या वयाच्या बायका अंगठा उठवतात, मी सही करते. दुकानाच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं अक्षर लावून वाचते आणि चार माणसांत ऐकवतेसुद्धा. त्याच ऐटीने त्या शुक्रवारी घात केला.

घरात दोन सुना. थोरली चारुता इथल्याच शाळेत शिकवते, तिचा सर्वेश चार वर्षांचा. धाकटी भक्ती कसालला पतपेढीत, तिची गौरजा सात महिन्यांची. दोघींची कुरबुर रोजची. भक्ती म्हणे, वहिनींची शाळा चार पावलांवर, त्यांना काय कळणार. चारुता म्हणे, सकाळची भांडी कुणासाठी ठेवून जातेस? मी दोघींना सारखंच झोडपायची. न्यायाला मी पक्की.

भक्ती सकाळी अंगावरचं दूध काढून बाटलीत भरायची, फ्रीजमध्ये ठेवायची, आणि अकरा वाजता मी ते गौरजाला पाजायची. त्या दिवशी बाटली तडकली. तिने दूध स्टीलच्या डब्यात घातलं, वर कागद चिकटवला आणि बसच्या मागे धावली. मी दहाला ताकासाठी फ्रीज उघडला. डबा दिसला. अक्षर लावलं : पिल्लूसाठी.

मागच्या पडवीत महिन्यापूर्वी मांजर व्यायली होती. भक्तीला तिचा भारी पुळका, बिस्किटं चारते. म्हटलं, काय हे लाड! मांजराच्या पोरांना फ्रीजमधलं दूध! पण सूनबाईंचा हुकूम. करवंटीत ओतलं. तिन्ही पिल्लांनी चाटूनपुसून घेतलं.

अकराला गौरजा रडू लागली आणि बाटली कुठे सापडेना. नाचणीचं सत्त्व भरवलं, ते तिने माझ्याच तोंडावर उडवलं. मग फोन केला.

"आई, स्टीलचो डबो आसा बघा. वर लिवलंय, पिल्लूसाठी."

"पिल्लू कोण गो?"

"गौरजा! आणखी कोण?"

"डबो रिकामो आसा," एवढंच बोलले.

भक्ती रिक्षा करून आली. महिन्यातली तिसरी अर्धी रजा. पोरीला छातीशी धरलं आणि तिथूनच, मधल्या सुट्टीत जेवायला आलेल्या चारुतावर सुटली.

"सकाळी सर्वेशच्या दुधाक फ्रीज तुमीच उघडलात. माझी नोकरी सलता तुमका. घेवा, सोडतंय! सोमवारी राजीनामो देतंय."

चारुता नुकतीच मागे हात धुऊन आली होती. पिल्लांपुढची करवंटी तिने पाहिली होती, काठाला वाळलेलं दूधही. तिने माझ्याकडे पाहिलं. बाई शिक्षिका, कॉपी केलेलं पोर लांबून ओळखते. म्हटलं, आता हिचं तोंड सुटणार. पाच वर्षांत मी तिला कमी बोलले नव्हते.

"माझ्याच हातसून सांडला, भक्ती," ती म्हणाली. "घाईत होतंय. राजीनामो देव नको."

मी जन्मात कुणाकडे चूक कबूल केली नाही. नवऱ्याकडेही नाही, बिचारा वाट बघून गेला. पण माझं पाप एकीने डोक्यावर घेतलं, आणि त्याच पापापायी दुसरी नोकरी सोडायला निघाली. गप्प राहिले असते तर पेजेचा घास घशाखाली उतरला नसता.

"ती खोटा बोलता," मी म्हटलं. "दूध मांजराच्या पिल्लांक घातलंय मी. चुकलंय."

"मांजराक?"

"तूच लिवलंस ना, पिल्लूसाठी? पोरीक आमी चेडू म्हणतो, बाय म्हणतो. पिल्लू मांजराचा!"

भक्ती आधी हसली की आधी रडली, मला सांगता येणार नाही.

"म्हणजे गौरजाक तीन भावंडां झाली," चारुता म्हणाली, आणि मग तिघींनाही हसू आवरेना. भक्तीने थोरलीचा हात धरला. "वहिनी, जळो माझा तोंड." राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

सोमवारी भक्तीने डबा, कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "आई, तुमीच लिवा." मी लिहिलं : गवरजा. पोरांच्या वह्यांत लाल रेघा ओढणारी चारुता शेजारीच उभी होती. तिने कागद नीट चिकटवला आणि डबा फ्रीजमध्ये ठेवला.

सकाळची भांडी आता मी घासते. कुणी सांगितलं नाही.

आठ दिवसांनी सर्वेशच्या पाटीवर आईच्या अक्षरात बहिणीचं नाव दिसलं, गौरजा, तेव्हा मला माझी चूक कळली. डब्यावर अजून गवरजाच आहे. दोघींपैकी एकीनेही बदललेलं नाही.