दोन ठोक्यांचा अर्थ

सबनीसांनी दुधाची व्हॅन इंजिनाला जोडली आणि सायडिंगमधून हळूच मुख्य लाइनवर ओढून घेतली. भिंतीवरच्या घंटेचे दोन ठोके नुकतेच पडले होते. त्यांनीही उलट दोन दिले होते. म्हणजे पलीकडची गाडी अजून सुटायची होती, तेवढ्यात व्हॅन फलाटाला लागली असती.

पण गाडी सुटलेली होती. भिंतीतल्या भोकातून हिरवं इंजिन दोन डबे घेऊन बाहेर आलं आणि सबनीसांचा हात बटणापर्यंत पोहोचायच्या आत व्हॅनवर आदळलं. आवाज फारसा झाला नाही. इंजिन कलंडलं, टेबलाच्या कडेवरून घसरलं आणि तळघराच्या सिमेंटवर पडलं.

पलीकडच्या खोलीतून वॉल्टर आला. ऐंशीच्या आसपासचा, उंच, कोपरांवर ठिगळं लावलेल्या स्वेटरमधला माणूस. तो एक हात टेबलावर टेकत खाली बसला आणि त्याने इंजिन उचललं. धुराडं तुटून वेगळं झालं होतं. ते सापडायला वेळ लागला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

सबनीसांना उत्तर ठाऊक होतं. अपघाताचे इंग्रजी अहवाल त्यांनी नोकरीत कितीतरी लिहिले होते. पण कागदावरचं इंग्रजी तोंडात येत नसे, आणि आलंच तर या देशातल्या माणसांना ते कळत नसे. "सॉरी," ते म्हणाले. मग शब्द जुळवत, "इन इंडिया, टू इज क्वेश्चन. थ्री इज गो."

"हं," वॉल्टर म्हणाला आणि इंजिन घेऊन दिव्याखाली गेला.

वॉल्टर मूळचा इंग्लंडचा. लहानपणी ज्या ब्रँच लाइनने तो शाळेत जायचा ती बंद पडली तेव्हा तो इथे मिशिगनमध्ये मोटारींचे गिअर डिझाइन करत होता. निवृत्तीनंतर त्याने ती लाइन घराच्या तळघरात पुन्हा बांधली; एक स्टेशन एका खोलीत, दुसरं दुसऱ्या. मधल्या भिंतीमुळे एकमेकांचं काही दिसत नसे. सगळा व्यवहार घंटेवर. दुसरं स्टेशन सांभाळणारा त्याचा मित्र फ्लोरिडाला राहायला गेला आणि लाइन ओस पडली. सबनीसांची सून मृणालिनी हिला हे लायब्ररीत वॉल्टरशी गप्पा मारताना कळलं. आपले सासरे मीटरगेजवर स्टेशनमास्तर होते, असं ती सांगून मोकळी झाली.

तेव्हापासून दर शनिवारी सबनीस इथे येत. बोलावं लागत नसे. आठवड्यातले बाकीचे दिवस ते नोव्हायमधल्या मुलाच्या, संजीवच्या, मोठ्या घरात खिडकीशी पुस्तक घेऊन बसत आणि आपण कुणाच्या वाटेत तर येत नाही ना, याचा अंदाज घेत. इथे मात्र ते नसले तर गाडी सुटत नव्हती.

वॉल्टरच्या इंग्लिश नियमात दोन ठोके म्हणजे ‘गाडी सुटली’. सबनीसांच्या लाइनवर दोन ठोके म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का?’ एवढा प्रश्न. गाडी सुटल्यावर तीन पडत. वॉल्टरचा नियम त्यांनी पाठ केला होता. पण आज मन दुसरीकडे होतं आणि कानाने जुनंच ऐकलं.

सबनीसांना घ्यायला मृणालिनी मोटार घेऊन आली.

"आज लवकर आवरलं, बाबा?"

"ॲक्सिडेंट झाला."

तिने ब्रेक दाबला. "कुणाला? तुम्ही ठीक आहात ना?"

"इंजिनाला. माझ्या चुकीने."

"अहो बाबा! केवढी घाबरले मी." ती हसली. "खेळण्यातलंच ना?"

"त्याने हाताने बनवलंय ते," सबनीस म्हणाले.

मग ती हसली नाही.

जेवताना संजीवने विषय काढला. "बाबा, कंटाळा आला असेल तर सांगा. परतीचं तिकीट प्रीपोन करता येईल. एकदा स्नो सुरू झाला की तुम्हाला बाहेरसुद्धा पडता येणार नाही."

"कंटाळा आलाय असं म्हणाले का ते?" मृणालिनी म्हणाली.

"मी फक्त ऑप्शन देतोय."

सबनीसांनी आमटीत भात कालवला. "शनिवारपर्यंत थांब," ते म्हणाले. "त्याने बोलावलं नाही, तर कर."

आठवडाभर ते डायनिंग टेबलाशी चमचा घेऊन बसत होते. दोन ठोके. थांबायचं. पुन्हा दोन.

"तबला शिकताय का, बाबा?" मृणालिनीने विचारलं.

"दोन म्हणजे सुटली," ते म्हणाले. "दोन म्हणजे सुटली. एवढंच डोक्यात बसायला हवं."

शुक्रवारी वॉल्टरचा फोन आला. मृणालिनी बोलली आणि रिसीव्हर ठेवून वळली.

"उद्या येताय ना, विचारत होता."

"इंजिनाबद्दल काही?"

"काही नाही."

सबनीसांना त्यावरून काहीच ठरवता आलं नाही. चूक तोंडावर सांगण्यासाठीही माणूस बोलावतो.

शनिवारी वॉल्टरने दार उघडलं, हवा थंड असल्याचं सांगितलं आणि तो आपल्या खोलीत गेला. सबनीस आपल्या स्टेशनशी बसले. त्यांनी रुळांचे सगळे सांधे तपासले, सायडिंगमधल्या व्हॅनला हात लावला नाही.

घंटा वाजली. एक ठोका, लक्ष देण्याचा. मग दोन.

दोन म्हणजे सुटली. त्यांनी दोन परत दिले, हात मांडीवर ठेवले आणि भिंतीतल्या भोकाकडे बघत राहिले.

गाडी आली नाही.

भोकात अंधार होता. इंजिन भिंतीत अडकलं असेल. नीट दुरुस्त झालं नसेल. की ठोके मोजण्यातच चूक झाली? या वयात दोनही मोजता येत नसतील तर संजीव म्हणतो तेच बरोबर. ते खुर्चीवरून अर्धवट उठले.

तेवढ्यात घंटा पुन्हा वाजली. सावकाश, एकेक मोजून दिल्यासारखे, तीन ठोके.

वॉल्टर गाडी सोडताना तीन ठोके कधीच देत नसे; ते सबनीसांच्या लाइनवरचे होते. सबनीस तसेच अर्धवट उभे राहिले. मग रुळांत बारीक घरघर सुरू झाली आणि हिरवं इंजिन भोकातून बाहेर आलं. धुराडं नवं होतं, त्याला अजून रंग लागायचा होता. त्यांनी बटण फिरवलं आणि गाडी फलाटाला उभी केली.

आता गाडी पोहोचल्याची घंटा द्यायची. त्यांच्याकडे चार ठोके, वॉल्टरकडे आधी दोन आणि थांबून एक. दोन्ही त्यांना पाठ होतं. बोट घंटेच्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. पलीकडे सामसूम होती.

ड्यूटीवर असताना घंटेजवळून उठायचं नसतं. सबनीस उठले. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीला वळसा घालून दारातून पलीकडच्या खोलीत गेले. वॉल्टर ताठ बसून घंटेकडे टक लावून बघत होता. त्यांची चाहूल त्याला लागली नाही.

"वॉल्टर," ते म्हणाले. आजवर त्यांनी त्याला नावाने हाक मारली नव्हती. "ट्रेन हॅज अराइव्ह्ड."

वॉल्टर दचकून वळला. त्याने कानामागे हात धरला. "पुन्हा सांगा?"

सबनीसांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.

"आणि घंटा?"

"बेल लेटर," सबनीस म्हणाले आणि त्यांनी बसायला स्टूल ओढून घेतलं.