छातीचा फोटो

ऑपरेशनआधी तीन तपासण्या करायचा नियमच होता: छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी आणि नळी घालून मूत्राशयात बघणं. मार्यूनच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ होती. ती पुढे पसरलेली नसेल, तर गुरुवारी काढून टाकणार होते.

सोमवारी फोटो काढायला समोर बहिणीचीच लेक, रनवा. फेरो बेटांवर कुठल्याही दवाखान्यात जा, कुणीतरी नात्यातलं निघतंच, आणि नात्यातल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही.

"मावशी, मी सांगितलं म्हणू नकोस, पण छाती अगदी स्वच्छ आहे!"

"म्हणजे सुटले मी?"

"सुटलीसच! नाताळात नाचायचंय तुला."

रनवाने बघितली होती ती फक्त छाती. बाकीच्या दोन तपासण्या व्हायच्याच होत्या. पण मार्यून घरी पोचायच्या आत बातमी गावभर झाली. तीन घरांतून केक आले. तिचा नवरा हानुस कित्येक दिवसांनी शीळ घालायला लागला. आता घाबरायचं काय, म्हणून बुधवारी मार्यून एकटीच दवाखान्यात गेली.

तपासण्या झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. गाठ मूत्राशयात शिरली होती. यकृतावरही डाग होते.

"उद्याचं ऑपरेशन रद्द. करून उपयोग नाही. दुखणं कमी करता येईल."

"आणि बरं होणं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तपासलं नसतं, तर तुम्हाला उगाच फाडलं असतं."

मार्यून संतापली. मेला उपकार केल्यासारखा बोलत होता. मग तिला वाटलं, खरंच बोलतोय तो. फाडून घ्यायचं वाचलं, पदरात पडलं ते एवढंच.

घरी हानुस परसातल्या फटीफटींच्या खोपटात, कापलेल्या मेंढ्या वाऱ्यावर वाळायला टांगत होता. ते मांस मुरायला नाताळ उजाडतो. आपल्याला नाताळ दिसेल का, असं तिच्या मनात आलं.

"आलीस? यंदा दोनच टांगू की तीन? तू बरी झालीस की गावजेवण घालू म्हणतो."

ती सांगणार होती. त्याचा चेहरा बघून तिला जमलंच नाही.

"तीन टांग," ती म्हणाली. "लोक येतील."

"येणारच की!" म्हणत हानुसने शीळ घालत तिसरी मेंढी उचलली.