बाबांच्या जागी तीन कपाटं

लेकीचं संगणकावरचं मॉडेल रुग्णालयावर भलतंच खूश होतं. वर्षभराचे विजेचे आकडे त्याच्या पोटात घातले, की छतावर सौरपट्ट्या किती आणि बॅटरी केवढी बसवायची याचं सगळ्यात काटकसरीचं उत्तर ते काढून देई. इथे छोटीशी बॅटरी पुरे, म्हणालं. विजेचा वापर कसा, अगदी सरळ रेषेत, उसळी म्हणून कुठे नाही! तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी आराखडा द्यायचा होता.

बाबा त्याच रुग्णालयात एकतीस वर्षं वायरमन, महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. चष्मा घरी विसरण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. तो द्यायला ती दुपारी त्यांच्या खोलीत शिरली आणि फोन वाजला.

"सिस्टर, जरा दम धरा," बाबा म्हणाले. त्यांनी पाण्याचा पंप बंद केला. मग धुलाईघराला फोन. "मशीन थांबवा. अहो, चादरी कुठे पळून जात नाहीत!" मग पुन्हा सिस्टरना. "हं, आता उकळा तुमची हत्यारं."

"हे काय चाललंय, बाबा?"

"रोजचंच. सगळं एकदम लागलं की मेन स्विच पडतो. कुणाचं पोट उघडलेलं असताना अंधार झाला म्हणजे?"

"कुठे लिहून ठेवलंय हे?"

"त्यात लिहायचंय काय?"

ती सरळ रेषा म्हणजे तिचे बाबा होते. मॉडेलने त्यांना जन्मभर नोकरीवर गृहीत धरलं होतं, आणि पुढच्या महिन्यात तर ही खोली रिकामी होणार होती.

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. कोणतं यंत्र किती वाजता लागतं, बाबा तोंडपाठ सांगत गेले. नवं उत्तर आलं तसा तिने साहेबांना फोन लावला. "आराखडा चुकलाय. चूक माझीच आहे." साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. बाबांचा मात्र इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"तुमच्या जागी बॅटऱ्यांची तीन कपाटं जास्त लागतील."

"तीन?" बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग फोन तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "हे आधी तुझ्या आईला सांग. एकतीस वर्षं म्हणतेय, नुसती खुर्ची उबवता म्हणून."