बेअरिंगमधली खरखर

मांजर्लीत पुराची कुणकुण लागली की आम्ही स्कूटर उंचावर नेतो, पिठाचे डबे माळ्यावर चढवतो आणि काहीतरी हमखास विसरतो. यंदा लेकीची, ओवीची सायकल विसरली. ती पार्किंगमध्ये उल्हास नदीच्या गढूळ पाण्यात बुडून राहिली. पाणी ओसरल्यावर पुढचं चाक फिरवलं, तर मधल्या हबमधून जात्यासारखी घरघर ऐकू आली.

"बाबा, तू नको त्रास घेऊ," ओवी म्हणाली. "उल्हासनगरहून नवीन बेअरिंग आणलीत मी. दुकानात टाकून घेते."

"जुनी उघडून तर बघू," हे म्हणाले.

ह्यांनी अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर मशिनं सांभाळली. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं की त्यात काय बिघडलंय ते सांगायचे. मग कॅन्सर झाला, केमो झाली. आजार गेला खरा, पण औषधांनी बोटांतली जाणीव नेली. गरम कप धरला तर फोड आल्यावर कळायचं. शर्टाची बटणं मी लावून द्यायची. जाणीव परत येईल किंवा येणारही नाही, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून हत्यारांची पेटी बंद होती. ती उघडायचीच नाही, म्हणजे काय गेलं ते कळायला नको.

आज त्यांनी ती स्वतः उघडली. डोळ्यांनी बघत बघत, सावकाश, एक्सल काढला. माझी गोधडीची सुई मागितली आणि बेअरिंगवरचं काळं रबरी झाकण अलगद उचकटलं. सुई दोनदा हातातून सुटली. मी उचलायला वाकले तर म्हणाले, "राहू दे, मी घेतो."

आत सगळा चिखल होता. त्यांनी त्यावर डिझेल सोडलं, जुना टूथब्रश फिरवला, आणि एकेक छर्रा उजळत गेला. मी बघतच राहिले. एवढी वर्षं हा माणूस कारखान्यात काय करतो म्हणून मी विचारलंही नव्हतं, आणि इथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची गोल पंगत बसली होती. एवढ्याशा गोळ्यांवर माझी लेक बारवी धरणापर्यंत जाऊन येते! देवाशप्पथ सांगते, अंगावर काटा आला.

ह्यांनी ग्रीस भरलं, झाकण अंगठ्याने दाबून बसवलं आणि तर्जनी आत घालून फिरवली. चेहरा पडला.

"खरखरतंय."

मी बोट घालून पाहिलं. लोण्यासारखं फिरत होतं. ओवीनेही पाहिलं. "एकदम स्मूथ आहे बाबा. खरंच."

"नाही. एका जागी काहीतरी आहे."

केमोनंतर बोटांत नसत्या झिणझिण्या येतात, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. मला त्यांचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडते. "अहो, त्या तुमच्या बोटांतल्या झिणझिण्या आहेत! दोघी सांगतोय ना चांगलं आहे म्हणून?"

त्यांनी पुन्हा सुई घेतली, झाकण काढलं, भरलेलं ग्रीस पुसलं. स्टीलची ताटली मागितली. मी आदळतच आणून दिली. त्यांनी चाक तिच्यावर आडवं धरलं आणि ओवीला वरून डिझेल ओतायला सांगितलं.

ताटलीच्या तळाशी एक कण येऊन थांबला. नदीची रेती, खसखशीच्या दाण्याहून बारीक. ओवीने मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा कुठे मला दिसला.

ओवीची बाटली तशीच तिरकी राहिली आणि डिझेल फरशीवर सांडत होतं. मला ते पुसायचंही सुचेना. आम्हा दोघींच्या धडधाकट बोटांना जे लागलं नाही, ते त्यांना लागलं होतं.

हे स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मग त्यांनी हात पुसला आणि माझा हात हातात घेतला. पूर्वी बेअरिंग तपासायचे तसा, डोळे मिटून, माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवला.

"कुंदा," ते म्हणाले, "तुझा हात किती खरखरीत झालाय गं."

"मग भांडी कोण घासतं?" मी फणकारले, आणि ओवीदेखत हमसून हमसून रडले.