पाटीपाशी उभं इंजन

वरोऱ्याचे बापूराव मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आणि टेबलावर वीतभर इंजन मांडून बसले. रुळाकडेला त्यांनी पिवळी पाटी रोवली होती. त्यावर 'सी/फा', म्हणजे पुढे फाटक आहे, सीटी द्या. फाटकापलीकडे काड्यापेटीचं क्वार्टर. खऱ्या क्वार्टरात त्यांची बायको सीता त्यांचा हॉर्न ओळखून भात लावायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

इंजनात आवाज भरणारी चिप परदेशातून यायची होती. आठ महिने इंजन पाटीपाशीच उभं होतं, कारण सीटी न देता फाटक ओलांडणं बापूरावांच्या रक्तातच नव्हतं. आज दुकानदाराचा तिसरा निरोप आला, अजून तीन महिने लागतील.

"बाबा, बिना आवाजाचंच चालवा ना," पुण्याहून लेक खुशबू फोनवर म्हणाली. "घरात आयकाले कोन आहे?"

बोलून ती चपापली.

"ठेवतो," बापूराव म्हणाले.

मग त्यांनी तोंडानंच एक लांब हॉर्न दिला आणि थोडा वेळ कान देऊन बसले. स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही. तेव्हा ते उठले आणि त्यांनी स्वतःच भात लावला.