डाव्या हाताची कोयरी

आकाशात दूर कुठेतरी घरघर सुरू झाली, की वहिनींच्या डाव्या हातातलं लाटणं थांबतं. मान किंचित कलते, डोळे खिडकीबाहेरच्या उन्हात काहीतरी शोधू लागतात, आणि तो आवाज क्षितिजापलीकडे विरून जाईपर्यंत तव्यावरची पोळी करपली तरी त्यांना कळत नाही. माझा थोरला भाऊ हवाई दलात हेलिकॉप्टरचा तंत्रज्ञ होता, त्यातून उडायचाही. छावणीतल्या घरात अशी घरघर ऐकत वहिनींनी तारुण्य काढलं. दादा गेल्यावर त्या बडोद्याला, सुभानपुऱ्यात आमच्याकडे आल्या, पण कान अजून छावणीतच आहेत. मार्गशीर्षातलं ऊन तापतं तरी अंगावर हवंसं वाटतं, तसा त्यांचा स्वभाव. मी मात्र बारा महिने वैशाख.

कोयलीच्या रस्त्यावर माझं भंगाराचं गोदाम आहे. हातगाडीपासून इथवर मी माझ्या जिभेवर आणि घासाघिशीवर आलो. तरी बडोद्यातली शिकलेली माणसं मला ‘भंगारवाले काका’ म्हणतात, आणि ते मला अजून डाचतं.

शहराबाहेरच्या एका संग्रहालयात निवृत्त हेलिकॉप्टर आणून उभं केल्याचं कळलं, तेव्हा वहिनींना घेऊन गेलो. नव्या हिरव्या रंगात ते उन्हात झळकत होतं. वहिनींनी शेपटीवरचा नंबर वाचला आणि त्यांचा चेहरा ढग यावा तसा झाकोळला. दादाच्या हेलिकॉप्टरचा नंबर हा नव्हता. तरीही त्या दारापाशीच घुटमळत राहिल्या.

“भाऊजी, नंबर परका आहे. पण दार आमचं वाटतंय.”

मी धड आणि शेपटीचा सांधा निरखला. दोन्हीकडचे रिव्हेट वेगळे, पत्र्याची झीज वेगळी. असले सांधे तोडण्यात माझा जन्म गेला. दोन हेलिकॉप्टरं मोडून एक उभं केलं होतं, हे मला तिथेच कळलं. मी तडक तिथल्या तरुण व्यवस्थापकाला गाठलं. तो हसला.

“काका, नंबर तो पूंछडी पर लखेलो छे ने! ए ज एनुं नाम.”

शेपटीवर लिहिलेला नंबर हेच त्याच्या लेखी हेलिकॉप्टरचं नाव, आणि समोर ठेवायच्या दगडावर तोच कोरायला द्यायचा होता. माझं डोकं फिरलं. “अरे भाई, तुझ्या घोड्याला दुसऱ्याची शेपटी जोडली, तर त्याला शेपटीच्या नावाने हाक मारशील?”

“भाऊजी, आवाज खाली,” वहिनी म्हणाल्या. मग अगदी शांतपणे त्यांनी त्या मुलाला खंडेनवमीची गोष्ट सांगितली. त्या दिवशी छावणीत यंत्रांची पूजा व्हायची, पण फूल नाही, अक्षता नाही. एखादा दाणाही इंजिनात ओढला गेला तर घात व्हायचा. नव्या रंगावर डागही चालायचा नाही. म्हणून दादा त्यांना दाराच्या चौकटीची आतली घडी दाखवायचा, आणि तिथे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्या तेलात कालवलेल्या शेंदराची कोयरी काढायच्या. डावखुऱ्या असल्याने कोयरीचं टोक उलट्या बाजूला वळायचं. “हिची कोयरी घराकडे तोंड करून बसते,” दादा चारचौघांत चिडवायचा, “म्हणून तर मी परत येतो.”

व्यवस्थापकाने मोबाईलचा उजेड धरला. त्या काळोख्या घडीत रंगाऱ्याचा ब्रश पोचलाच नव्हता. मावळतीचा शेवटचा तुकडा अडकून राहावा, तशी तिथे एक विटकी तांबूस कोयरी होती, उलट्या टोकाची. वहिनींनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, ताठ मानेचं एक तेज होतं. तो मुलगा त्यांच्या पाया पडला. “बा, बोलो, शुं लखावुं?” दगडावर काय लिहायचं, ते तो आता त्यांनाच विचारत होता.

मी मध्येच उसळलो. “शेपटीवरचं आधी खरवड! दादाचा नंबर घाल, आणि खाली त्याचं नाव!”

“खरवडायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “ती शेपटी उडत होती, तेव्हा तिचीही कुणीतरी वाट पाहत असेलच ना? दोन्ही नंबर लिहा. यांचं नाव नको. ते एकटे कुठे होते?”

पूर्ण जिंकलेला सौदा त्यांनी अर्ध्यावर परत दिला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मी आठवडाभर भांडलो असतो. त्या दिवशी माझी मान त्यांच्याइतकीच ताठ होती.

आता तिथे दगडावर दोन नंबर शेजारी शेजारी आहेत. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात वहिनी त्यांच्यासमोर उभ्या राहतात, आणि बघायला आलेल्या अनोळखी माणसांना मी न विचारता सांगतो, या माझ्या वहिनी. काळ सगळ्यांचेच भाग सुटे करतो, कुणाचं कुणाला जोडतो, वर नवा रंग चढवतो. आणि ज्यांची वाट पाहिली गेली, ते त्या रंगाखाली कुठेतरी, कुणाच्या तरी स्पर्शाची वाट पाहत राहतात.